लॉन किती कापायचं, हे माळ्याच्या फेऱ्यांवर ठरवा

वाचकाचं पत्र

नमस्कार,

आमची सोसायटी पुण्यात बावधनला आहे. दोन इमारतींच्या मध्ये साधारण चारशे चौरस मीटरचं लॉन आहे. पाच वर्षांपूर्वी बिल्डरने लावून दिलं तेव्हा बघत राहावंसं वाटायचं. आता पार रया गेली आहे. माळीकामाचं कंत्राट दिलेलं आहे. महिन्यातून दोनदा माणसं येतात आणि खांद्याला अडकवलेल्या पेट्रोलच्या मशीनने अगदी जमिनीलगत कापून जातात. “झिरो मारलं की पंधरा दिवस बघायला नको, साप-किरडूही निघत नाही,” असं सुपरवायझर सांगतात. कापल्यावर आठवडाभर सगळं पिवळं दिसतं. जरा हिरवं व्हायला लागतं तोवर पुढची फेरी येते. मध्ये मध्ये मातीचे ठिपके उघडे पडलेत, त्यात आंबुशी आणि लव्हाळा माजलाय. इमारतीच्या सावलीतला पट्टा माळ्यांनी रुंद पात्याचं दुसरं गवत लावून भरला होता, तेही आता विरळ झालंय. एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी घालूनही फरक पडत नाही.

आता ते म्हणतात, दरवर्षीसारखं पावसाच्या आधी सगळं खरवडून लाल माती टाकू. कमिटीत काहींना पूर्ण लॉन उखडून नवीन लावायचंय, काहींना कृत्रिम गवत हवंय. कोटेशनं आली आहेत. मला विचाराल तर गवताचा दोष नाही असं वाटतं, पण ते पटवून देता येत नाही. लॉन नेमकं किती उंच ठेवावं? कापलेलं गवत उचलावं का? आणि हे लॉन वाचेल का?

— उद्यान समितीची एक सदस्य, बावधन

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अंदाज बरोबर आहे. पत्रासोबतचे फोटो पाहिले, गवताचा काहीही दोष नाही. लॉन वाचेल, ते उखडू नका. कोटेशनं दिवाळीपर्यंत बाजूला ठेवा. यंदा खरवडणं पूर्ण बंद. उन्हातल्या भागात गवत कापल्यानंतर ५ सेंटीमीटर उरलं पाहिजे, सावलीच्या पट्ट्यात ६ ते ७. आणि उंचीइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची: एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. कमिटीच्या बैठकीत फक्त एवढंच ठरवून घेतलंत तरी अर्धं काम झालं.

आता हे पटवून कसं द्यायचं ते सांगतो, कारण तुमची खरी अडचण तीच आहे.

गवताचं अन्न पात्यात तयार होतं. पाती कापली की झाडासमोर पहिलं काम येतं नवी पाती काढायचं, आणि त्यासाठी लागणारी साखर ते मुळांतल्या आणि खोडांतल्या साठ्यातून काढतं. थोडं कापलं तर साठ्याला धक्का लागत नाही, उरलेली पाती भागवून नेतात. जमिनीलगत कापलं की पाती उरतच नाहीत. सगळा भार साठ्यावर पडतो आणि मुळांची वाढ थांबते. ही नुसती माळीबुवांची समजूत नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या फ्रँकलिन क्रायडर यांनी वेगवेगळ्या गवतांची पाती कमी-जास्त प्रमाणात छाटून मुळांचं काय होतं ते मोजलं, आणि १९५५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. वरचा थोडा भाग छाटला तेव्हा मुळं वाढत राहिली. निम्म्याच्या पुढे गेल्यावर वाढ झपाट्याने घटली. ८० टक्के पाती काढली तेव्हा मुळांची वाढ पूर्ण थांबली, आणि तीही एखाद-दोन दिवसांपुरती नाही, कित्येक दिवस. तुमच्याकडे ‘झिरो’ मारतात तेव्हा ८० टक्क्यांहून जास्तच पाती जातात. मुळं पुन्हा वाढायला लागेपर्यंत पुढची फेरी हजर. पाच वर्षं हेच चाललं असेल तर खाली मुळं उरलीच किती असतील, याचा विचार करा.

किंबहुना विचार करत बसू नका, खणून बघा. कमिटीतल्या दोघा-तिघांना सोबत घ्या. जुनी सुरी किंवा खुरपं घेऊन लॉनच्या मधोमध त्रिकोणी काप द्या आणि हाताच्या रुंदीएवढा तुकडा अलगद उचला. तुमच्या तिसऱ्या फोटोत ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण दिसतंय. त्याच्या कडेला मशीनची गवत कापणारी नायलॉनची दोरी पोहोचत नाही, म्हणून तिथलं गवत वाढलेलं आहे आणि पाण्याची वेगळी काही सोय नसताना हिरवंही आहे. तसाच दुसरा तुकडा तिथून काढा आणि दोन्ही पेपरवर शेजारी शेजारी ठेवा. मधल्या तुकड्याची मुळं बहुधा बोटाच्या दोन पेरांच्या आत संपलेली असतील, तपकिरी आणि तुटक. माती ढेकळासारखी घट्ट असेल. चेंबरजवळच्या तुकड्यात पांढरी मुळं खालपर्यंत गेलेली दिसतील आणि माती भुसभुशीत, कणाकणांची असेल, बोटांत घेतली की सुटी होईल. तेच लॉन, तीच माती, तोच पाऊस, फरक फक्त कापण्याचा. मी लिहिलेल्या कागदापेक्षा हे दोन तुकडे बैठकीत जास्त काम करतील.

खणताना एक गोष्ट मात्र बघून घ्या. गवत हाताने ओढल्यावर सतरंजीसारखं सरळ उचललं गेलं आणि खाली अर्धवर्तुळात वळलेल्या, जाड, पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी आहे. मग गोष्ट वेगळी, मला लगेच कळवा. फोटोंवरून तसं वाटत नाही. हुमणी असली की साळुंक्या आणि कावळे लॉन टोचून टोचून उकरतात, तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

मातीचं बोलतोच आहे तर इथे जरा थांबतो, कारण लॉनच्या भांडणात मातीची बाजू कुणी घेत नाही. गवताची मुळं माती नुसती धरून ठेवत नाहीत, ती तिला घडवतात. मुळांमधून गोडसर, चिकट द्रव सतत पाझरतो, त्यावर जिवाणू आणि बुरशी जगतात, आणि त्यांच्यामुळे मातीचे बारीक कण एकत्र येऊन रवाळ दाणे बनतात. जुनी मुळं मरतात तेव्हा त्यांच्या जागी बारीक पोकळ वाटा राहतात, त्यांतून पाणी आणि हवा खाली जाते. गांडुळांना खायला मिळतं, ती आणखी वाटा करतात. मुळं तोकडी झाली की हे सगळं वरच्या दोन बोटांत आटोपतं. खाली राहतो बिल्डरने टाकलेला मुरूम आणि राडारोडा, त्यावर दाबून बसलेली लाल माती.

त्यात वरून पात्यांचं छप्पर गेलेलं. मेमधलं ऊन थेट मातीवर पडतं, माती तापते, ओल उडून जाते. पाऊस आला की थेंब उघड्या मातीवर आदळतात, बारीक कण उडून छिद्रं बुजवतात, आणि सुकल्यावर वर कडक पापडी धरते. मग पुढच्या सरीचं पाणी मुरतच नाही, वाहून जातं. पहिल्या मोठ्या पावसानंतर तुमच्या पेव्हर ब्लॉकवर लाल चिखलाचा राप येत असेल. तो तुम्ही दरवर्षी पैसे देऊन टाकून घेतलेल्या मातीचाच आहे.

आंबुशीचंही कोडं इथेच सुटतं. तण बाहेरून येतं म्हणून लॉन खराब होत नाही. लॉन विरळ होतं म्हणून तणाला जागा मिळते. बऱ्याच तणांचं बी बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. दाट, चार-पाच सेंटीमीटर उंच गवताखाली अंधार असतो, तिथे ते वर्षानुवर्षं झोपून राहतं. जमिनीलगत कापलं की त्याला हवा तो उजेड आपणच देतो. लव्हाळा जरा चिवट आहे, त्याच्या जमिनीखालच्या गाठी नुसत्या उंच कापण्याने मरणार नाहीत. पण त्यालाही सावली सोसत नाही, गवत दाटलं की तो मागे सरतो. तोवर पावसाळ्यात माती ओली असताना गाठींसकट खुरपून काढत राहा. तणनाशकाचा विचार यंदा नको.

तुमच्या उन्हातल्या भागातलं गवत बारीक पात्याचं आहे, नर्सरीवाले ‘सिलेक्शन वन’ म्हणून विकतात ते. ही आपल्या हरळीचीच निवडलेली जात. आता हरळी म्हटलं की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण ती शेतातून जाता जात नाही. जमिनीखाली तिची खोडं खोल पसरलेली असतात, तुकडा राहिला तरी फुटते. मग जी हरळी शेतकऱ्याला मारता येत नाही, ती तुमच्या लॉनमध्ये का मरतेय? शेतकऱ्याची जुनी रीत बघा. उन्हाळ्यात खोल नांगरून मुळ्या उन्हात तापवायच्या, आणि नंतर वर पाती दिसली की खुरपायची, पुन्हा दिसली की पुन्हा खुरपायची. पाती टिकू दिली नाहीत की खालच्या खोडांतला साठा संपतो आणि हरळी हार मानते. कंत्राटदाराची माणसं दर पंधरवड्याला हेच करत आहेत. पाच वर्षांनंतरही ती जिवंत आहे हे तिचं बळ, आणि म्हणूनच मी एवढ्या खात्रीने सांगतो की ती परत येईल.

आता उंचीचा हिशोब. हा भाग कमिटीला नीट वाचून दाखवा.

लोकांना वाटतं, उंची ही आवडीची गोष्ट आहे. कुणाला छोटं आवडतं, कुणाला मोठं. खरं तर उंची ठरते ती किती दिवसांनी कापणार यावर. एक तृतीयांशाचा नियम पाळायचा तर १ सेंटीमीटरवर ठेवलेलं लॉन दीड सेंटीमीटर झालं की कापावं लागेल. पावसाळ्यात हरळी आठवड्याला दोन-अडीच सेंटीमीटर सहज वाढते, म्हणजे ते दर दिवसाआड कापायला हवं. २.५ सेंटीमीटरवर ठेवायचं तर पावणेचारला कापायचं, म्हणजे आठवड्यातून दोनदा. ५ सेंटीमीटरवर ठेवायचं तर साडेसातला कापायचं, म्हणजे आठवड्याने. जितकं छोटं ठेवाल तितक्या फेऱ्या वाढतात. “छोटं कापलं की काम कमी” हे सुपरवायझरचं गणित बरोबर उलटं आहे. त्यांचं काम कमी होतं, कारण गवत वाढण्याच्या स्थितीतच राहत नाही.

गोल्फच्या हिरवळी ३-४ मिलिमीटरवर असतात, मग त्या कशा छान दिसतात, असं कुणीतरी विचारेलच. त्या हिरवळींवर खास खुज्या जाती असतात, खाली वाळूचा थर आणि निचऱ्याची व्यवस्था असते, धारदार सिलिंडर मशीनने त्या जवळपास रोज कापल्या जातात, आणि खत-पाणी मोजून मापून दिलं जातं. इतकं करायची सोसायटीची तयारी नसेल तर ती उंचीही आपली नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी उत्साहाने लॉन गुडघाभर वाढवेल. हरळी फार वाढू दिली तर पाती फक्त वरच्या टोकाला राहतात. खाली उजेड न मिळाल्याने नुसती तपकिरी काड्यांसारखी खोडं उरतात. असं गवत तुम्ही अगदी ५ सेंटीमीटरवर कापलंत तरी ते ‘झिरो’ मारल्यासारखंच होतं, कारण हिरवा भाग सगळा कापला गेलेला असतो. गणपतीच्या दिवसांत एखादी फेरी चुकून गवत १० सेंटीमीटरवर गेलं तर एकदम ५ वर आणू नका. आधी ७ वर कापा, चार-पाच दिवसांनी ५ वर.

म्हणजे प्रश्न आला फेऱ्यांचा, आणि तिथे पैसे वाढवायची गरज नाही. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला २४ फेऱ्यांचं कंत्राट तुमच्याकडे आहेच. फक्त त्या सारख्या वाटल्या आहेत आणि गवत वर्षभर सारखं वाढत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री थंड असतात, हरळी जवळपास थांबते. तेव्हा महिन्याला एक फेरी पुष्कळ झाली. त्या दोन महिन्यांच्या दोन. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत दर आठवड्याला एक, म्हणजे साधारण १५. उरलेल्या सात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मे अशा सहा महिन्यांत गवत बघून वापरा. मार्चमध्ये पाणी भरपूर असेल तर एखादी जादा फेरी मागावी लागेल, तेवढीच. कंत्राटदारालाही हे परवडतं, त्याच्या एकूण फेऱ्या तेवढ्याच राहतात.

मशीन मात्र बदला. खांद्यावरचं ते मशीन झुडपं, बांध, कुंपणाच्या कडा यांसाठी आहे. त्यात उंची बांधायची सोयच नाही, माणसाचा हात जितका खाली जाईल तितकं कापलं जातं, आणि दिवसभर ते वजन पेलणारा हात संध्याकाळपर्यंत खालीच जातो. त्या माणसांना मी दोष देत नाही. शिवाय नायलॉनची दोरी पातं कापत नाही, फोडते. कापल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॉनवर वाकून एक पातं हातात घ्या. टोक फाटून धागे सुटलेले आणि पांढुरकं झालेलं दिसेल. कापल्यानंतर लॉनवर जी फिकट झाक येते ती बरीचशी या फाटक्या टोकांची. तिथून ओल जाते आणि बुरशीलाही वाट मिळते. चाकांचं, उंचीचा खटका असलेलं रोटरी मोअर, म्हणजे आडवं पातं फिरवून गवत कापणारं मशीन हवं. ते सोसायटीने स्वतः घेतलं तरी चालेल, एका नव्या लॉनच्या खर्चापुढे ते काहीच नाही. खटक्यावरचे १, २, ३ हे आकडे सेंटीमीटर नसतात. मशीन बंद करून, इलेक्ट्रिक असेल तर प्लग काढून, ते पार्किंगच्या सपाट फरशीवर ठेवा आणि फरशीपासून पात्याच्या धारेपर्यंत पट्टीने मोजा. ५ सेंटीमीटरला जो खाचा येईल त्यावर लाल रंगाचा ठिपका द्या. पातं पावसाळ्यात महिन्याला एकदा धार लावून घ्यायचं.

जाता जाता, पण हे मला फार जवळचं आहे: तुमच्या पहिल्या फोटोत बकुळीच्या बुंध्याला जमिनीपासून वीतभर उंचीवर साल गेलेली दिसते. ती त्याच दोरीने गेली आहे. साल चहूबाजूंनी सुटली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जायचं थांबतं आणि झाड हळूहळू मरतं, कुणाला कारणही कळत नाही. प्रत्येक झाडाभोवती हातभर रुंदीचं आळं मोकळं करा, त्यात पालापाचोळा पसरा. मग मशीन तिथे जायचं कारणच उरत नाही.

कापलेलं गवत उचलावं का? नियमाने कापत असाल तर नाही. एक तृतीयांश कापलेले बारीक तुकडे पात्यांमधून खाली सरकतात आणि थोड्याच दिवसांत कुजतात. वाळलेल्या तुकड्यांत साधारण ३ ते ४ टक्के नत्र असतं. वर्षभर ते जागेवर राहू दिलं तर लॉनच्या नत्राच्या गरजेपैकी जवळपास पाव हिस्सा त्यातून भागतो. आज तुम्ही तो कचऱ्याच्या गाडीत घालताय आणि खताची पिशवी विकत आणताय. त्याने गवताखाली गादी साठते हा समज चुकीचा आहे. ती साठते लवकर न कुजणाऱ्या खोडांची आणि मुळांची. गवत फार वाढून ढिगारे पडले असतील किंवा ओलं असताना कापल्याने गोळे झाले असतील, तेवढेच उचला आणि कंपोस्टमध्ये घाला. ओल्या लॉनवर शक्यतो कापूच नका, माती दबते. उघडीप मिळालेली दुपार बघा.

खरवडण्याबद्दल. ही पद्धत मुळात आलीय ती हरळीच्या लॉनसाठी, आणि अगदी निराधार नाही. वर खोडांची जाड गादी झालेली असेल तर पावसाच्या तोंडावर ती काढल्यावर हरळी जमिनीखालच्या खोडांतून नव्याने फुटते. पण त्यासाठी खाली साठा असावा लागतो. तुमच्या लॉनवर गादी नाही आणि खाली साठाही नाही, मग खरवडायचं काय? सावलीच्या पट्ट्यातलं रुंद पात्याचं गवत, ‘बफेलो’ म्हणून मिळतं ते, त्याची तर सगळी खोडं जमिनीवरूनच धावतात, खाली राखीव काहीच नसतं. ते खरवडणं म्हणजे उपटून टाकणं. दरवर्षी मे महिन्यात ते गेलं आणि म्हणून विरळ झालं. शिवाय सावलीत गवताला उजेड कमी मिळतो, तेव्हा तो गोळा करायला पाती जास्त लागतात. म्हणून तिथे ६ ते ७ सेंटीमीटर. दिवसाचे चार तासही ऊन येत नसेल अशा कोपऱ्यात गवताचा हट्ट सोडा. तिथे फर्न, स्पायडर लिली असं काही लावा किंवा बसायला बाक टाका.

लाल मातीचे ट्रकही यंदा नकोत. दरवर्षी एक-दोन इंच माती टाकल्याने थरावर थर बसतात, पाणी प्रत्येक थराच्या सीमेवर अडतं आणि गवताचा जीव असलेला बुडखा गाडला जातो. त्याऐवजी पहिले दोन-तीन पाऊस झाले, माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की बागकामाच्या फोर्कने वीतभर अंतरावर आठ-दहा सेंटीमीटर खोल भोकं पाडून घ्या. वरून चाळलेलं कंपोस्ट आणि जाडी वाळू मिसळून अर्धा सेंटीमीटर पसरा आणि झाडूने भोकांत सारा. पाती वर दिसत राहिली पाहिजेत. उघड्या ठिपक्यांत जुलैमध्ये चेंबरच्या कडेचे आणि कुंपणाजवळचे ठोंब काढून वीतभर अंतरावर लावा. नवीन रोपं आणायची गरज नाही. गवत जोरात वाढायला लागलं की चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास युरिया, पाती कोरडी असताना टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. त्याआधी नाही.

टँकरचं सांगतो. १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. १०,००० लिटरचा टँकर तुमच्या चारशे मीटरवर ओतला तर २५ मिलिमीटर होतं. मुळं वीतभर खोल असती तर ते पाणी मेमध्येही चार-पाच दिवस पुरलं असतं. दोन बोटांच्या मुळांना त्यातलं वरचं थोडं मिळतं, बाकी खाली निघून जातं किंवा उडून जातं. उंच ठेवलेलं गवत दिवसाला थोडं जास्तच पाणी पितं, हे खरं आहे. पण ते खोलवरून घेतं, त्यामुळे पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं. आत्ता, पाऊस येईपर्यंत, टँकर थांबवा असं मी म्हणेन. हरळी पाणी नसेल तेव्हा तपकिरी होऊन पडून राहते, मरत नाही. दहा-पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, बुडखे ओले होतील एवढं पाणी द्या, कापू नका आणि मुलांना महिनाभर दुसरीकडे खेळू द्या. बावधनसारख्या भागात जिथे माणसांना टँकर लागतो, तिथे मे महिन्यात लॉन तपकिरी असण्यात काही कमीपणा नाही.

साप पाच सेंटीमीटर गवतात सहसा लपत नाही. तो येतो उंदरांच्या मागे, आणि राहतो कुंपणाच्या भिंतीतल्या भेगांत, पडून राहिलेल्या विटा-फरशांच्या ढिगात. तो ढीग हलवा, भिंतीलगतचं रान साफ ठेवा, कचऱ्याची जागा झाकून घ्या. त्या कडांसाठी खांद्यावरचं मशीन जरूर वापरा.

राहिला कृत्रिम गवताचा प्रस्ताव. ते दुपारच्या उन्हात इतकं तापतं की अनवाणी पाय ठेवता येत नाही, खालची माती निर्जीव होते आणि काही वर्षांनी तो प्लास्टिकचा ढीग टाकायचा कुठे हा प्रश्न उरतो. नवीन लॉनच्या प्रस्तावाला तर एकच उत्तर आहे: आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तीच माणसं, तेच मशीन आणि तोच ‘झिरो’ राहिला तर दोन-तीन वर्षांत नवीन लॉनही याच अवस्थेला येईल.

कंत्राटाच्या कागदात हे वाक्य जसंच्या तसं घाला: “लॉन कापल्यानंतर उन्हातील भागात किमान ५ सेंटीमीटर व सावलीतील भागात किमान ६ सेंटीमीटर उंची राहील, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा अधिक कापले जाणार नाही, आणि लॉनवर खांद्यावरचे दोरीचे मशीन वापरले जाणार नाही.” फेरी झाल्यावर वॉचमनकडे एक पट्टी ठेवून तीन ठिकाणी मोजायला सांगा आणि सहीच्या वहीत आकडा लिहायला लावा. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा लॉनच्या मधोमध तोच त्रिकोणी काप घ्या आणि मुळांची लांबी मला कळवा. मुळं आठ-दहा सेंटीमीटरच्या पुढे गेली असतील तर पुढच्या उन्हाळ्याच्या पाण्याचं वेळापत्रक त्यावरून बसवून देतो.